विल्यम लॅम्बटन

विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३ च्या सुमारास, क्रॉस्बी ग्रेंज, यॉर्कशर, इंग्लंड, मृत्यू: २० जानेवारी १८२३, हिंगणघाट, सध्याचा वर्धा जिल्हा, महाराष्ट्र) हे ब्रिटिश सैन्याधिकारी, भूमापक व भूगणितज्ञ होते. भारतीय द्वीपकल्पाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात त्यांनी केली. पुढे हेच सर्वेक्षण 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया' या नावाने ओळखले गेले आणि त्याच्याच आधारे हिमालयातील शिखरांची उंची मोजली गेली. जॉर्ज एव्हरेस्ट हे लॅम्बटन यांचे सहायक व उत्तराधिकारी होते. एव्हरेस्ट यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. त्यांच्या आधी वीस वर्षे हे काम उभे करणाऱ्या लॅम्बटन यांची कबर मात्र विदर्भातील हिंगणघाट येथे आहे, आणि महाराष्ट्रातही ती फार थोड्यांना माहीत आहे.

लॅम्बटन यांच्या पूर्वीच्या नकाशांचा आधार मुख्यतः रस्त्याने चालत मोजलेली अंतरे हा होता. लॅम्बटन यांनी मोजले ते दोन ठिकाणांमधील सरळ रेषेतील अंतर आणि त्या रेषेची दिशा. शालेय भौतिकशास्त्रात यांनाच अनुक्रमे 'अंतर' आणि 'विस्थापन' म्हणतात.

पूर्वायुष्य

लॅम्बटन यांचा जन्म उत्तर यॉर्कशरमधील नॉर्थॲलर्टन या गावाजवळ एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. नॉर्थॲलर्टन येथील शाळेत त्यांची गणितातील गती दिसून आली. पुढे चार्ल्स हटन या नामवंत गणितज्ञांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. इ.स. १७८१ मध्ये ते सैन्यात कनिष्ठ अधिकारी म्हणून दाखल झाले आणि लवकरच ३३ व्या पायदळ पलटणीत त्यांची बदली झाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा युद्धकैदी झालेल्यांत लॅम्बटन हेही होते.

सुटकेनंतर त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात सुमारे बारा-तेरा वर्षे काढली. हा प्रांत आणि अमेरिकेची संस्थाने यांच्यामधील सीमा आखण्याच्या कामात ते होते. नंतर त्यांच्याकडे सैनिकी बराकींची व्यवस्था पाहण्याचे काम आले. त्या कामात भरपूर मोकळा वेळ मिळे आणि तो सारा ते गणित व भूगणिताच्या ग्रंथांत घालवीत. याच काळात सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना पुरेशी काळजी न घेतल्यामुळे त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. आयुष्यभर दुर्बिणीला डोळा लावून काम करणाऱ्या या माणसाला एकाच डोळ्याने दिसत होते.

भारतात आगमन व श्रीरंगपट्टणची मोहीम

आपल्या पलटणीत पुन्हा रुजू होण्यासाठी लॅम्बटन भारतात आले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते आणि हुद्दा लेफ्टनंटचाच होता. पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली होते. हेच वेलस्ली पुढे इ.स. १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध असईची लढाई जिंकणारे आणि त्यानंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आलेले सेनापती होत. याच सुमारास लॅम्बटन यांचे भिंतींच्या स्थैर्याविषयी व गतिमान यंत्रांच्या कार्यशक्तीविषयी दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यामुळे यंत्रशास्त्राचा जाणकार म्हणून त्यांची थोडीफार ओळख झाली.

इ.स. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या चौथ्या म्हैसूर युद्धात ते जनरल डेव्हिड बेअर्ड यांच्या तुकडीबरोबर होते. एप्रिलच्या आरंभी एका रात्री श्रीरंगपट्टणजवळची एक झाडी शत्रूपासून मोकळी करण्यासाठी बेअर्ड यांना पाठविण्यात आले. झाडी रिकामीच निघाली. परतीच्या वाटेवर अंधारात तुकडीची दिशा चुकली. तुकडी किती चालली याचा अंदाज बरोबर होता, पण कोणत्या दिशेला चालली याचा अंदाज चुकला होता. लॅम्बटन यांनी आकाशातील तारे पाहून तुकडी उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे टिपूच्या छावणीच्या रोखाने चालली असल्याचे बेअर्ड यांच्या निदर्शनास आणले. बेअर्ड यांचा ताऱ्यांवर विश्वास बसेना. अखेर दिवा आणवून होकायंत्र पाहण्यात आले, तेव्हा लॅम्बटन यांचे म्हणणे खरे ठरले आणि तुकडी वळली. सर्वेक्षणाच्या इतिहासावरील ग्रंथांत हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो.

सर्वेक्षणाचा प्रस्ताव

श्रीरंगपट्टण पडल्यानंतर म्हैसूरचा मोठा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रभावाखाली आला. त्याची जमीन, गावे, रस्ते व महसूल यांची नोंद करण्याचे काम कॉलिन मॅकेन्झी यांच्याकडे सोपविले गेले. लॅम्बटन यांनी मात्र अगदी वेगळा प्रस्ताव मांडला. पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यापासून पश्चिमेच्या मलबार किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक साखळी उभी करावी, त्यातून प्रमुख ठिकाणांची स्थाने अचूक ठरवावीत आणि त्याबरोबरच पृथ्वीच्या आकाराविषयीचा प्रश्नही सोडवावा, अशी ती योजना होती. वेलस्ली यांनी शिफारस केली आणि मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड क्लाइव्ह (रॉबर्ट क्लाइव्ह यांचे पुत्र) यांनी इ.स. १८०० मध्ये मंजुरी दिली.

विरोध लगेच सुरू झाला. मॅकेन्झी यांचे सर्वेक्षण चालू असताना दुसऱ्याची गरज काय, असा प्रश्न होता. मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्याने असा मुद्दा मांडला की, श्रीरंगपट्टणला जाऊ इच्छिणाऱ्याने आपल्या पालखीच्या मुख्य भोयाला तसे सांगितले की पुरे, भोई त्याला लॅम्बटन यांच्या नकाशाशिवायच तेथे नेऊन पोहोचवील. या युक्तिवादाची पुढे थट्टा झाली असली, तरी तो अगदीच पोकळ नव्हता. प्रवाशाला हवा असतो रस्ता, आणि रस्ता भोयाला माहीत होताच. बंगालचा नकाशा तयार करणारे जेम्स रेनेल यांनाही या खर्चिक उपक्रमाचा उपयोग सुरुवातीला पटला नव्हता. इंग्लंडचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी त्यांची समजूत घातली. भोई जे सांगू शकत होता आणि लॅम्बटन जे शोधत होते, त्या दोन भिन्न राशी होत्या.

अंतर, विस्थापन आणि त्रिकोणांचे मापन

एखाद्या वस्तूने प्रत्यक्ष आक्रमिलेल्या मार्गाची लांबी म्हणजे अंतर. तिला केवळ परिमाण असते, म्हणून अंतर ही अदिश राशी आहे. आरंभस्थान व अंतिम स्थान यांना जोडणारी कमीत कमी लांबी आणि तिची दिशा मिळून विस्थापन होते. ते सदिश असते. नागपूर आणि हिंगणघाट ही दोन ठिकाणे घेतली तर हा फरक स्पष्ट होतो. महामार्गाने हे अंतर पंचाहत्तर ते ऐंशी किलोमीटर भरते. रेल्वे सेवाग्रामवरून वळसा घेते, म्हणून रुळांवरून ते सुमारे ११० किलोमीटर होते. मोटारीने आलेला आणि आगगाडीने आलेला असे दोन्ही प्रवासी हिंगणघाटला उतरले, तर त्यांनी कापलेली अंतरे वेगळी असतात, पण दोघांचे विस्थापन एकच असते: सुमारे ७० किलोमीटर, दक्षिणेपासून थोडे पश्चिमेकडे झुकलेले. आणि संध्याकाळी दोघे नागपूरला परतले, तर त्यांनी कापलेले अंतर दुपटीच्या घरात जाते, पण विस्थापन शून्य होते.

अठराव्या शतकात मार्गसर्वेक्षणासाठी एक मोठे चाक दांडीने ढकलीत नेत आणि त्याचे फेरे यंत्रावर मोजीत. चाकाचा परीघ गुणिले फेरे म्हणजे मार्गाची लांबी. वाटेतले प्रत्येक वळण, प्रत्येक चढउतार त्या आकड्यात शिरे. सर्वेक्षक होकायंत्राने दिशा टिपून वळणे वजा करण्याचा प्रयत्न करीत, परंतु प्रत्येक टप्प्यावरची लहान चूक पुढच्या टप्प्यात मिसळून शेकडो मैलांनंतर मोठी होई.

लॅम्बटन यांच्या पद्धतीत चालत मोजण्याची लांबी एकच, म्हणजे एक आधाररेषा. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाणाकडे पाहून कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांपैकी एक बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा होते, आणि अशी साखळी डोंगरांवरून व नद्यांवरून पुढे सरकते. मधली दरी कोणी ओलांडली नाही तरी चालते. फक्त पलीकडचे निशाण दिसले पाहिजे. एका बाजूची उत्तरेशी असलेली दिशा ताऱ्यांच्या वेधांवरून ठरविली की सर्व बाजूंच्या दिशा मिळतात. अशा रीतीने प्रत्येक बाजू लांबी आणि दिशा या दोन्हींसह ज्ञात होते, म्हणजेच ते एक विस्थापन असते, आणि विस्थापनांची सदिश बेरीज करून कोणत्याही दोन ठाण्यांचे परस्परांपासूनचे स्थान सांगता येते.

पडताळाही याच तत्त्वातून मिळतो. बंद आकृतीभोवती फिरून मूळ जागी आल्यावर विस्थापनांची बेरीज शून्य यायला हवी. ती आली नाही तर जेवढी उरते तेवढी मापनातील चूक. पृथ्वी सपाट नसल्यामुळे एक बारकावा मात्र लक्षात घ्यावा लागतो. मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. प्रत्येक बाजू ५० किलोमीटर असलेल्या त्रिकोणात ही वाढ सुमारे साडेपाच सेकंदांची, म्हणजे एका अंशाच्या साडेसहाशेव्या भागाएवढी असते. लॅम्बटन यांचे मापन इतके सूक्ष्म होते की ही वाढ हिशेबात धरणे भाग होते.

उपकरणे

सर्वेक्षणाला लागणारी उपकरणे भारतात तयार होत नव्हती. १०० फूट लांबीची पोलादी साखळी आणि ताऱ्यांचे शिरोबिंदूपासूनचे कोन मोजणारे झेनिथ सेक्टर हे लंडनचे कारागीर जेसी रॅम्सडेन यांच्या हातचे होते. मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर इ.स. १७९३ मध्ये चीनच्या सम्राटाला द्यावयाच्या वस्तूंत ती गेली होती. तेथे त्यांचा स्वीकार झाला नाही. शिष्टमंडळातील जेम्स डिनविडी यांच्याबरोबर ती कलकत्त्यास आली आणि लॅम्बटन यांच्यासाठी विकत घेण्यात आली.

मोठा थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनविला. त्याचे आडवे वर्तुळ ३६ इंच व्यासाचे आणि वजन सुमारे अर्धा टन होते. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. इंग्लंड व फ्रान्स यांच्यात वैर असतानाही तेथील फ्रेंच गव्हर्नरांनी शास्त्रीय उपकरण म्हणून तो मद्रासला पाठवून दिला. तो पोहोचेपर्यंत आधाररेषेचे काम उरकून झाले होते.

मद्रासची आधाररेषा

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे आधाररेषेच्या मापनास आरंभ झाला. रेषा साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरची होती आणि तिला ५७ दिवस लागले. वरवर पाहता हा वेग हास्यास्पद वाटतो. पण साखळी जमिनीवर टाकून ओढली जात नव्हती. ती लाकडी पेट्यांत सरळ ठेवली जाई, पेट्या तिवयांवर उचलून स्क्रूने एका पातळीत आणल्या जात आणि प्रत्येक वेळी तापमापकाची नोंद होई. १०० फुटांची पोलादी साखळी एक अंश फॅरनहाइटने तापली की इंचाच्या हजारात सुमारे साडेसात भागांनी वाढते. ही वाढ डोळ्याला दिसतही नाही. पण साडेसात मैलांत साखळी सुमारे ४०० वेळा मांडावी लागते, आणि तापमान सतत एका अंशाने चुकीचे धरले तर शेवटी तीन इंचांची चूक होते. मद्रासच्या उन्हाळ्यात सकाळ-दुपारच्या तापमानात किती अंशांचा फरक पडतो हे लक्षात घेतले म्हणजे या सावधपणाचे कारण कळते.

येथून त्रिकोणांची साखळी पश्चिमेकडे निघाली. इ.स. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा प्रत्यक्ष मोजण्यात आली. मद्रासपासून त्रिकोणांवरून काढलेली तिची लांबी आणि साखळीने मोजलेली लांबी यांत सुमारे सात मैलांमागे चार इंचांपेक्षाही कमी फरक पडला.

पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्यावर या पद्धतीची व्यावहारिक किंमतही दिसली. मद्रास ते मंगळूर या पट्ट्यात द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल दाखविलेली होती. ती प्रत्यक्षात ३६० मैल निघाली. नकाशातून सुमारे ४० मैल जमीन एकाएकी नाहीशी झाली, आणि वित्त समितीला निदान एवढे तरी मान्य करावे लागले की भोयांना रस्ता ठाऊक असूनही देशाची रुंदी कोणालाच ठाऊक नव्हती.

ग्रेट आर्क

लॅम्बटन यांचे खरे लक्ष उत्तर-दक्षिण दिशेकडे होते. रेखावृत्तावरील एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवांकडे जास्त असते, कारण पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. हा फरक अंशामागे जेमतेम एका किलोमीटरचा आहे. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी लॅपलँड व पेरू येथे तो मोजला होता, परंतु विषुववृत्ताच्या उत्तरेकडील उष्ण प्रदेशातील लांब कंस उपलब्ध नव्हता. भारतीय द्वीपकल्प त्यासाठी योग्य होते. ७८ व्या पूर्व रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीपासून उत्तरेकडे जाणारी ही त्रिकोणसाखळी पुढे 'ग्रेट आर्क' या नावाने ओळखली जाऊ लागली.

या कामात लॅम्बटन यांना जॉन वॉरेन व हेन्री केटर या तरुण अधिकाऱ्यांचे साहाय्य मिळाले. केटर प्रकृतीमुळे इंग्लंडला परतले आणि गुरुत्वत्वरण मोजण्यासाठी त्यांनी तयार केलेला लंबक आजही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत तयार झालेले जोशुआ डी पेनिंग दीर्घकाळ त्यांच्या सोबत राहिले. निशाणे घेऊन डोंगरमाथ्यांवर आठवडेच्या आठवडे बसणारे, थिओडोलाइट खांद्यावरून वाहणारे आणि जंगल तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे शेकडो भारतीय खलाशी, हमाल व शिपाई हेही या कामाचा भाग होते. छापील अहवालांत त्यांची नावे नाहीत.

दक्षिणेकडील सपाट प्रदेशात टेकड्या नसल्याने देवळांच्या गोपुरांवर उपकरण चढवावे लागे. इ.स. १८०८ मध्ये तंजावर येथे थिओडोलाइट वर चढविताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचे यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे मुख्य वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र इंग्लंडहून यायला कित्येक महिने लागले असते. लॅम्बटन यांनी तंबूत बसून सुमारे सहा आठवडे कारागिरांच्या मदतीने वर्तुळ थोडे थोडे खेचून पूर्वस्थितीत आणले. याच यंत्राने त्यांनी पुढची चौदा वर्षे काम केले.

इ.स. १८०९ मध्ये साखळी कन्याकुमारीला टेकली. तेथून काम उत्तरेकडे वळले. गुत्ती येथे इ.स. १८११ मध्ये आणि बीदरजवळ दामरगिड्डा येथे इ.स. १८१५ मध्ये आधाररेषा मोजून पडताळा घेण्यात आला. कन्याकुमारीजवळचे टोक सुमारे ८ अंश ९ मिनिटे अक्षांशावर आणि दामरगिड्डा सुमारे १८ अंश ३ मिनिटे अक्षांशावर आहे. त्यांच्यामधील कंस जवळजवळ १,१०० किलोमीटरचा भरतो. काटेकोर भौतिकशास्त्राच्या भाषेत हे विस्थापनही नव्हे. खरे विस्थापन म्हणजे भूपृष्ठाच्या खालून जाणारी सरळ जीवा, आणि ती या कंसापेक्षा सुमारे १.३ किलोमीटरने लहान आहे. भूगणितात मात्र भूपृष्ठावरील किमान लांबीचा कंसच वापरतात.

सगळेच जुळले असे नाही. काही ठाण्यांवर ताऱ्यांवरून आलेले अक्षांश आणि त्रिकोणांवरून काढलेले अक्षांश यांचा मेळ बसेना. जमिनीखालील अधिक घन खडक ओळंब्याला बाजूला ओढत असावेत, अशी शंका लॅम्बटन यांना आली. ओळंबा म्हणजेच 'खाली' या दिशेची व्याख्या. ती दिशाच ठिकाणपरत्वे किंचित बदलत असेल, तर तिच्यावर आधारलेला अक्षांशही बदलणार. हा प्रश्न पुढे हिमालयाच्या पायथ्याशी अधिक तीव्रतेने उभा राहिला आणि भूकवचाच्या समतोलाच्या सिद्धान्ताला कारणीभूत झाला.

या काळात त्यांचे निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध होत होते. इ.स. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडले.

निजामाच्या राज्यात व मराठी मुलखात

१ जानेवारी १८१८ पासून हे सर्वेक्षण मद्रास सरकारकडून थेट गव्हर्नर जनरलच्या अधिकाराखाली आले आणि त्याला 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया' हे नाव मिळाले. त्याच वर्षी पेशवाईचा अस्त झाला आणि दख्खनचा बहुतेक मुलूख कंपनीच्या थेट किंवा अप्रत्यक्ष सत्तेखाली आला. हे दोन्ही एकाच वर्षी घडावे यात फारसे नवल नाही. नकाशा हे सत्तेचेही साधन होते. सैन्य कुठून न्यायचे, तोफा कुठे ठेवायच्या आणि महसूल किती जमिनीवर बसवायचा, या प्रश्नांची उत्तरे अचूक स्थानांवर अवलंबून होती. लॅम्बटन यांची जिज्ञासा शास्त्रीय असली, तरी खर्च करणाऱ्यांचा हेतू तसा नव्हता. डोंगरावर निशाण रोवून दुर्बीण लावणाऱ्या परक्या माणसांविषयी गावकऱ्यांना व संस्थानिकांना संशय वाटे, तो त्यामुळे अगदी निराधार म्हणता येत नाही. दुर्बिणीतून जनानखान्यात डोकावले जाते अशीही वदंता होती.

इ.स. १८१८ च्या अखेरीस जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण तोफखाना अधिकारी मुख्य सहायक म्हणून हैदराबादला रुजू झाले. कृष्णा व गोदावरी यांच्यामधील जंगलात त्यांना पहिले स्वतंत्र काम मिळाले. पावसाळ्यानंतरच्या तापाने जवळजवळ सारी तुकडी अंथरुणाला खिळली. काही माणसे दगावली आणि एव्हरेस्ट यांनाही हवापालटासाठी केप ऑफ गुड होप येथे जावे लागले. दृष्टिरेषा कमीत कमी लांबीची असली, तरी तिच्या टोकांपर्यंत माणसांना पायीच जावे लागे. ते चालणे याच जंगलांतून होते.

दामरगिड्ड्याच्या उत्तरेला ग्रेट आर्क आजच्या मराठवाड्यातून वऱ्हाडात शिरतो. येथील टेकड्या, काळी जमीन आणि गोदावरी, पैनगंगा यांची खोरी ओलांडून तो एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या दिशेने जातो.

अखेरचा प्रवास

इ.स. १८२२ च्या अखेरीस सर्वेक्षणाचे मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला नेण्याचे ठरले. लॅम्बटन तेव्हा सत्तरीच्या आसपास होते आणि त्यांना क्षयाची बाधा झाली होती. वीस वर्षे तंबूत काढल्यानंतरही इंग्लंडला परतण्याचा विचार त्यांनी केल्याचे दिसत नाही. त्यांचे कौटुंबिक जीवन भारतातच होते. येथे त्यांना मुले झाली होती आणि त्यांची तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. एव्हरेस्ट या वेळी पश्चिमेकडे, मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या त्रिकोणसाखळीच्या कामावर होते.

नागपूरला पोहोचण्यापूर्वीच, २० जानेवारी १८२३ रोजी, वणा नदीकाठच्या हिंगणघाट येथे लॅम्बटन यांचे निधन झाले. तेव्हा हे गाव नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. तेथेच त्यांचे दफन झाले. हिंगणघाट ग्रेट आर्कच्या ठाण्यांपैकी नाही. तो कंस तेथून सुमारे शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेला आहे.

उत्तरकाल

लॅम्बटन यांच्या हयातीत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल प्रदेश त्रिकोणांनी व्यापला गेला होता. त्यांच्यानंतर एव्हरेस्ट अधीक्षक झाले. त्यांनी कंस वऱ्हाडातील टाकळखेडा येथून पुढे सध्याच्या मध्य प्रदेशातील सिरोंज परिसरापर्यंत नेला, मध्ये आजारपणामुळे ते इंग्लंडला गेले आणि इ.स. १८३० मध्ये सर्व्हेयर जनरल होऊन परतले. साखळीऐवजी तापमानाचा परिणाम भरून काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या त्यांनी आधाररेषेसाठी आणल्या. गुरूंच्या कामातील उणिवा सांगताना त्यांनी संकोच केला नाही, आणि काही भाग नव्याने मोजलाही. तरीही इ.स. १८३० मध्ये त्यांनी पृथ्वीच्या आकाराचे जे परिमाण ठरविले, त्याचा एक मुख्य आधार लॅम्बटन यांचा दक्षिणेकडील कंसच होता. 'एव्हरेस्ट लंबगोल' या नावाचे हे परिमाण भारतीय नकाशांत दीडशेहून अधिक वर्षे वापरात होते.

इ.स. १८४१ च्या सुमारास ग्रेट आर्क हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचला. तेथून पूर्वेकडे नेलेल्या त्रिकोणसाखळ्यांवरून दूरवरच्या हिमशिखरांचे वेध घेण्यात आले. गणनाविभागातील राधानाथ सिकदर यांच्या आकडेमोडीवरून 'पंधरावे शिखर' सर्वांत उंच असल्याचे निष्पन्न झाले. अँड्र्यू वॉ यांनी इ.स. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर करून त्याला एव्हरेस्ट यांचे नाव सुचविले. त्या उंचीच्या हिशेबाची साखळी मागे मागे नेली, तर ती मद्रासजवळच्या साडेसात मैलांच्या रेषेपाशी जाऊन थांबते.

१० एप्रिल २००२ रोजी या रेषेच्या मापनारंभास दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा भारत सरकारने ग्रेट आर्कची द्विशताब्दी साजरी केली. तंजावरला वाकलेला आणि दुरुस्त झालेला कॅरी यांचा थिओडोलाइट डेहराडून येथे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संग्रहात आहे.